अर्धा सूर वर

लिफ्ट बऱ्याच महिन्यांनी सुरू झाली, ही खरं तर आनंदाची गोष्ट होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला जिने चढावे लागणार नव्हते, आणि त्या संध्याकाळी त्याला याहून जास्त काही नको होतं. तो आत शिरला, पाठ भिंतीला टेकली, डोळे मिटले. त्याच्या मजल्यावर दार उघडलं, बारीक घंटी वाजली आणि त्याचा पाय तिथेच अडला. घंटी नेहमीची नव्हती. ती पांढरी पाचमध्ये वाजायची. या इमारतीत राहायला आल्या दिवसापासून तो तिथेच ती ऐकत आला होता. त्यासाठी त्याला पेटीवर बोट ठेवून ताडून पाहावं लागत नसे. लाल रंग लाल आहे हे कुणी ताडून पाहत नाही, तसंच ते होतं. आज ती शेजारच्या पट्टीत, काळी चारमध्ये वाजली. बरोबर अर्धा सूर वर. "उतरताय, की नुसतं वरखाली फिरायचंय?" मागून शेजारच्या काकू म्हणाल्या, तेव्हा तो भानावर येऊन बाहेर पडला.

"दुरुस्तीत लिफ्टची घंटी बदलली वाटतं," घरात शिरता शिरता तो बायकोला म्हणाला. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "घंटी कशाला कोण बदलतंय? आतला दिवा गेलाय, तो आधी बदला म्हणावं." एवढं बोलून ती पुन्हा कांदा चिरायला लागली. बोलण्याआधी तिची सुरी जराशी थांबली होती, हे त्याच्या लक्षात आलं ते पुढे बऱ्याच दिवसांनी. त्या वेळी मात्र त्याने सरळ इमारतीच्या व्यवस्थापकाला फोन लावला. "अहो, घंटीला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, मोटर बदलली फक्त," व्यवस्थापक म्हणाला. "असं का? बरं, बरं. माझीच चूक असेल," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला आणि फोन ठेवला. मनात म्हणाला, याला काय कळतंय.

'माझीच चूक असेल' हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. दुसरं होतं 'माझं काय आहे त्यात'. चर्चच्या गायकवर्गाचा तो प्रमुख, सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि उपासना संपल्यावर कुणी हात हातात घेऊन 'मास्तर, आज अंगावर काटा आला' असं म्हणालं की तो मान खाली घालून हे दुसरं वाक्य बोलायचा. लोकांना ते गाण्याइतकंच आवडायचं. लहानपणी पहिल्यांदा वेदीसमोर एकटा गायला, तेव्हा बायका कौतुकाने गालाला हात लावत होत्या, आणि घरी जाताना आईने त्याचा कान धरला होता. गाणं तुझं नाही, ज्याचं आहे त्याला देऊन टाक, ती म्हणाली. त्याने दिलं. पुढच्या वेळी कुणी कौतुक केलं की पोरगं खाली बघायला लागलं, आणि खाली बघितलं की कौतुक दुप्पट होतं हे त्याला फार लवकर कळलं. आईला ते कळलं नाही, किंवा कळलं असेल आणि ती थकली असेल. तेव्हापासून तो नम्रतेचा रियाज करत आला होता, अगदी मनापासून, गळ्याचा करत होता तितक्याच नेमाने. फोटो काढायच्या वेळी कडेला उभा राहायचा, आणि फोटो हातात आला की पहिली नजर त्या कडेलाच जायची. छापील कार्यक्रमात स्वतःचं नाव घालू द्यायचा नाही, आणि मंडळी कुजबुजत विचारायची, हे बसवलं कुणी, तेव्हा त्याला शेवटच्या बाकापर्यंतचं ऐकू यायचं. पाळकसाहेबांनी त्याच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल सत्कार करायचं काढलं, तेव्हा तो नको म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा जरा जास्तच ठामपणे नको म्हणाला. मग पाळकसाहेबांनी बरेच दिवस विचारलंच नाही, आणि ते दिवस त्याला फार जड गेले. शेवटी सत्काराचा रविवार ठरला तो हाच, या आठवड्यातला. सत्कार म्हणायचं नाही, चार शब्द म्हणायचे, एवढ्या अटीवर.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बसचालक आला. हट्टी माणूस. तक्त्यावरची खालची ओळ त्याला दिसेना, आणि ती ओळच नीट छापलेली नाही असं त्याचं म्हणणं. अशी माणसं मास्तरला रोजची होती. त्याने चौकटीत एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. "आता बरं, की आधीचं बरं?" बसचालक म्हणाला, "तुमचा तक्ताच जुना झालाय." "तक्ता जुनाच आहे, पण अक्षरं तीच आहेत," मास्तर समजुतीने म्हणाला. "डोळा बदलतो हो. सगळ्यांचा बदलतो. त्यात कमीपणा काय?" हे तो वर्षानुवर्षं लोकांना सांगत आला होता, आणि लोक हळूहळू ऐकतही. तेवढ्यात कुणीतरी आत आलं आणि दारावरची घुंगरासारखी घंटी वाजली. तीही वर होती; रोज ऐकून तिच्याकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. तो भिंग हातात धरून तसाच उभा राहिला. दुकानाची घंटी वर. काल रात्री घरी दूध गरम करायच्या यंत्राने कूं कूं केलं, तेही वर. तेव्हा त्याने डोळ्यावर कातडं ओढलं होतं. माणसांचे आवाज चढतात उतरतात, हवा बदलली की ऑर्गनचा सूर हलतो, गायकवर्ग सध्या चढाच गातो आणि तो त्यांना दर सरावाला तसं बजावतोही; पण लिफ्टला हवा लागत नाही आणि दुकानाच्या दाराला घसा नसतो. तेव्हा एकतर सगळं जग कुणाला न विचारता अर्धा सूर वर सरकलं होतं, नाहीतर. ते नाहीतर त्याने तिथेच सोडून दिलं. "आता बरं," बसचालक खालच्या आवाजात म्हणाला, "हे बरं आहे." मास्तरला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय ते.

एकच गोष्ट त्याला खरं काय ते सांगू शकली असती. नादकाटा. त्याच्या आधीच्या गायनप्रमुखांनी जाताना तो त्याच्या हातात दिला होता. मखमली डबीतला, दोन बोटांचा पोलादी काटा, गुडघ्यावर आपटला की पांढरी सहा सोडून दुसरं काही बोलू न शकणारा. तुला लागायचा नाही हा, पण ठेव, असं ते म्हणाले होते. त्याने डबी खणात टाकली, आणि जपून ठेवलं ते 'तुला लागायचा नाही' एवढंच. खरंच लागला नव्हता. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर वाटण्याच्या वेळचं गीत गायकवर्ग ऑर्गनशिवाय गात असे, फक्त शेवटच्या कडव्याला ऑर्गन येऊन मिळायचा. तेव्हा सुरुवातीचा सूर मास्तरच द्यायचा, आपल्या डोक्यातून काढून, ओठ मिटून, हलकेच. परगावची मंडळी तेवढ्यासाठी येऊन बसायची. हे गीत सुरू असताना त्याला आपण खरोखर कुणीच नाही असं वाटायचं, आणि तसं वाटणं त्याला अतिशय सुखाचं होतं.

संध्याकाळी बायको खाली पाव आणायला गेली होती. त्याने खण उघडला. डबी होती. डबीत काटा नव्हता. आता घरात दोनच माणसं, मुलगी लग्न होऊन गेलेली. काटा पाय फुटून कुठे जाणार? त्याने दुसरा खण पाहिला, पेटीचं कपाट पाहिलं, आणि मग दाराआड टांगलेल्या बायकोच्या चर्चला न्यायच्या पर्सकडे त्याचा हात कसा गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिची पर्स कधी उघडली नव्हती. आत गीतांचं पुस्तक, खोकल्याच्या गोळ्या, आणि रुमालात नीट गुंडाळलेला काटा. त्याने तो गुडघ्यावर आपटून कानाशी नेला. काळी पाच. अर्धा सूर वर. पुन्हा आपटला. काळी पाच. पोलाद खोटं बोलत नव्हतं, आणि खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तो पलंगाच्या कडेवर बसला. दुपारचं ते अर्धं सोडलेलं वाक्य आता आपोआप पुरं होत होतं, आणि त्याच्या मागोमाग गेल्या हिवाळ्यातला तो रविवार येत होता.

त्या रविवारी प्रभुभोजनाचं गीत छान चाललं होतं. खालच्या पट्टीत गाणारे पुरुष जरा घोगरे लागत होते. ढोल, म्हणजे गायकवर्गातला सगळ्यात जाड आवाजाचा आणि जाड अंगाचा माणूस, खाली जाऊन जाऊन खर्रर्र करत होता, पण मास्तरने तिकडे कानाडोळा केला. शेवटच्या कडव्याला ऑर्गन आत आला, आणि दोन पट्ट्या एकमेकींवर आदळल्या. चांदीचा कागद दाताखाली यावा तसं झालं. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी डोळे उघडले. त्याने ऑर्गनकडे एकच नजर टाकली. ऑर्गन वाजवायची ती दातांची डॉक्टर, शांत, कामसू बाई. तिने हात उचलले आणि उरलेलं कडवं बिनसाथीचं झालं. उपासनेनंतर ती त्याच्याजवळ आली. "मास्तर, बोट चुकलं माझं. माफ करा." त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "चूक कुणाची होत नाही, डॉक्टर? देवाच्या घरात चुकणाऱ्याला जागा आहे, म्हणून तर आपण सगळे आत आहोत." हे बोलताना त्याचं त्यालाच भरून आलं होतं. तिला मात्र आलं नव्हतं. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुणाकडे तरी बघत होती, आणि आता पलंगावर बसल्या बसल्या त्याला स्पष्ट दिसलं, पलीकडे बायको उभी होती. त्यानंतरच्या रविवारपासूनच ते सुरू झालं. तो सूर द्यायचा, आणि गाणं सुरू होण्याआधी गायकवर्गात एक पुसट गुणगुण उठून विरायची. त्याला वाटायचं, दिलेला सूर लोक आत मुरवून घेतायत. त्याने ते पाळकसाहेबांना कौतुकाने सांगितलंही होतं.

बायको पाव घेऊन आली तेव्हा काटा त्याच्या मांडीवर होता. तिने पिशवी टेबलावर ठेवली, चप्पल काढली, आणि समोरच्या खुर्चीत बसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी काही काम न काढता नुसती बसलेली तो पाहत होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"डॉक्टरांचं ते झालं तेव्हापासून."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"गाणाऱ्या सगळ्यांना. मी काटा मांडीवर आपटते, पुस्तकाखाली. मग तुमच्यानंतर हळूच सूर देते. ते माझ्याकडून घेतात."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात. म्हटलं, अहो, तुमचा सूर खाली आला होता. तुम्ही म्हणालात, माझीच चूक असेल. आणि दुसऱ्या दिवशी ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलंत."

ते खरं होतं. दुरुस्त करणारा अर्धा दिवस ऑर्गनच्या पोटात शिरून बसला, आणि बाहेर येऊन म्हणाला होता, याला काही झालेलं नाही. त्यालाही मास्तर म्हणाला होता, माझीच चूक असेल.

"तुमच्या या नम्रतेला दारच नाही हो," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "दुसरा कुणी असता तर भांडला असता, मग आपण पण भांडलो असतो, आणि काहीतरी निकाल लागला असता. तुम्ही आधीच हात जोडून उभे. आत शिरायचं कुठून माणसाने? आणि मी दमलेय. मला माझं गायचं असतं. दर रविवारी पहिलं कडवं होईपर्यंत माझ्या छातीत धडधडत असतं, कुणाला कळेल का, तुम्हाला कळेल का. या रविवारी मी सूर देणार नाही. काटा तुमचा आहे, तुम्ही ठेवा."

"मला काढून टाकायचं होतं का सगळ्यांना?"

"काढायचं असतं तर इतके महिने मूग गिळून कोण बसलं असतं?" ती उठली. "चहा टाकू?"

शनिवारी दुकानातून आल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि काटा गुडघ्यावर आपटून पाहिला. काटा वर ऐकू येत होता, पण त्याला जुळवून ओठ मिटून सूर काढला की तोही तसाच वर ऐकू येई, आणि दोन्ही एक होत. म्हणजे सूर बरोबर निघत होता. पेटीवर ताडून पाहिलं, बरोबर. त्याचा जीव भांड्यात पडला. किती साधं होतं! कोटाच्या खिशात काटा ठेवायचा, पुस्तकाच्या स्टँडमागे हळूच आपटायचा, सूर द्यायचा. मंडळीला कळणार नाही, गायकवर्ग समजून घेईल, बायकोची सुटका होईल. तो पुन्हा पुन्हा करून पाहत राहिला आणि प्रत्येक वेळी सूर बरोबर आला, आणि प्रत्येक वेळी तो काढताना आपण कुणाचा तरी कोट चढवलाय असं त्याला वाटत राहिलं. त्याचं स्वतःचं डोकं, ज्यातून तो इतकी वर्षं सूर काढत आला, ते मध्ये बसून सारखं सांगत होतं, चूक, चूक, चूक. इतक्या थकव्याची त्याला सवय नव्हती. गाऊन येणारा थकवा वेगळा असतो.

रविवारी चर्च भरलं होतं. मुलगी आणि जावई आले होते. बायको दुसऱ्या रांगेत तिच्या जागी उभी होती, दोन्ही हात रिकामे, पुस्तकावर. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. नम्रतेवरच बोलले. नम्रता ही बोलून दाखवायची गोष्ट नाही, असं म्हणत त्यांनी बराच वेळ बोलून दाखवलं, आणि मग म्हणाले, "आपल्यात एक माणूस आहे. गेल्या हिवाळ्यात, तुम्हाला आठवत असेल, ऑर्गनवर एक चूक झाली. दुसरा असता तर चारचौघांत बोलला असता. मास्तरांनी काय केलं? चुकणाऱ्याचा हात हातात घेतला." सगळ्यांची डोकी ऑर्गनकडे वळली. डॉक्टर पट्ट्यांकडे बघत होती. तिच्या मानेवर लाली चढत गेलेली त्याला इतक्या लांबून दिसली, आणि त्या क्षणी खिशातल्या काट्याचा त्याला काही उपयोग राहिला नाही. ती बाई इतके महिने त्याची क्षमा अंगावर घेऊन दर रविवारी वाजवायला येत होती. क्षमेचं ओझं होतं हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"चार शब्द, मास्तर," पाळकसाहेब म्हणाले.

तो पुढे आला. 'माझं काय आहे त्यात' जिभेवर तयारच होतं, त्याने ते गिळलं. "त्या दिवशी डॉक्टरांचं बोट चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "सूर मी चुकीचा दिला होता. तेव्हापासून चुकीचाच देतोय. माझा कान बदललाय."

मंडळीतून एक प्रेमळ हुंकार उठला. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी डोळे पुसले. कुणीतरी हसत मान हलवली. मास्तर ते मास्तरच. "पाहिलंत?" पाळकसाहेब मंडळीकडे वळून म्हणाले. "दुसऱ्याची चूक अजून स्वतःवर घेतायत." मास्तरने तोंड उघडलं. पण जे बोलला असता ते सगळं याच भिंतीवर आपटून गोड होऊन परत आलं असतं. ही भिंत त्याने स्वतः, एक एक वीट लावून, आयुष्यभर बांधली होती. मुलगी कौतुकाने त्याच्याकडे बघत होती. फक्त गाणारे लोक हसत नव्हते. ढोल पायाकडे बघत होता. बायको सरळ त्याच्याकडे बघत होती.

पाळकसाहेबांनी भाकर उचलली, म्हणजे गीताची वेळ झाली. तो गायकवर्गाकडे वळून उभा राहिला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या, आणि इतके महिने त्या त्याच्यावर नव्हत्याच, जरा डावीकडे, दुसऱ्या रांगेकडे असायच्या, हे त्याला आता पहिल्यांदा फरकामुळे कळलं. त्याने खिशातून काटा काढला. स्टँडमागे वाकला नाही. दोन पावलं पुढे गेला, पहिल्या रांगेतल्या बायका बाजूला झाल्या, आणि त्याने तो बायकोपुढे धरला.

"सूर तू दे," तो म्हणाला. कुजबुजायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. मागच्या बाकांपर्यंत ते ऐकू गेलं. आणि ती नुसतीच बघत राहिली तेव्हा तो म्हणाला, "मला येत नाही."

बाकांवर कुणीतरी खोकलं. हुंकार वगैरे काही उठलं नाही. हे काय चाललंय हे मंडळीला कळेना, आणि न कळल्याने लोक थोडे अवघडले. बायकोने काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, दोन भिंगांतलं कुठलं बरं ते न ठरवता येणाऱ्या गिऱ्हाइकासारखं. ती नाही म्हणू शकली असती. तिने तसं सांगितलंही होतं. मग तिने काटा घेतला, पुस्तकाखाली नाही, सगळ्यांदेखत मांडीवर आपटला, कानाशी धरला, आणि तिच्या भरीव, खालच्या, जरा थकलेल्या आवाजात सूर दिला. तो आपल्या जागी परतला. त्याच्या कानात तो सूर चुकीचा होता. अंगातला कण न् कण सांगत होता, वर आहे, अर्धा सूर वर आहे, थांबव. त्याने हात उचलला आणि गीत सुरू केलं.

ढोल हिवाळ्यातल्या त्या रविवारसारखा खर्रर्र करत नव्हता. कडवं पुढे गेलं, दुसरं आलं. बायको गात होती, डोळे मिटून, आणि तिची छाती धडधडत असली तर ती त्याला दिसत नव्हती. शेवटचं कडवं जवळ आलं तसं त्याने ऑर्गनकडे पाहिलं. डॉक्टरने मान वर केली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, अगदी थोडं, आणि पट्ट्यांवर हात ठेवले. ऑर्गन आत आला. तोही वर होता. आवाज आणि ऑर्गन दोन्ही एकाच जागी वर होते, त्यांच्यामध्ये बोटभरही फट नव्हती, आणि सगळ्या चर्चमध्ये ते ज्याला चुकीचं ऐकू येत होतं असा तो एकटाच होता. तो हात हलवत राहिला.